दिवे विकून डबा आणला म्हणे!

सोलापुरात बोलायला विषय कमी नाहीत. पाणी आज येणार की परवा, पारा ४२वर थांबणार की पुढं सरकणार, गड्ड्याच्या जत्रेला यंदा पाळणे किती येणार. पण रेल्वे लाइन्सपासून जुळे सोलापूरपर्यंतच्या काही ठरावीक दिवाणखान्यांत हे सगळे विषय सध्या मागं पडलेत. तिथं दार लोटून, आवाज खाली आणून एकच गोष्ट बोलली जाते आहे. डॉक्टरांनी दिवे विकले. एकूण एक. आणि त्यांच्या जागी डबा आणला. एक!

“काय सांगलालास बे!” ही पहिली प्रतिक्रिया. “घरी सगळं ठीक आहे ना?” ही दुसरी. तिसरी जरा दबक्या सुरात, “अडचण होती तर बोलायचं की आपल्याला. इतकं टोकाला कशाला जायचं?”

कोण डॉक्टर, ते विचारू नका. नाव घेतलं तर उद्या आमची नाडी बघायला गावात कोणी मिळणार नाही. आणि विकणारे ते एकटे नाहीत. त्यांच्या मागोमाग एका निवृत्त प्राध्यापकांनी विकले, मग होटगी रोडच्या एका कारखानदारांनी. साथ पसरली आहे.

ज्यांना यात हादरण्याजोगं काही दिसत नाही, त्यांच्यासाठी प्रकरण थोडक्यात सांगतो. दिवे म्हणजे व्हॉल्व्ह. काचेची नळी, आत तापणारी तार, तांबूस उजेड. तबकडीवरच्या सुईकडून आलेला क्षीण सिग्नल या नळ्यांतून जात जात स्पीकर हलवण्याइतका मोठा होतो. हे काम खरा हौशी माणूस कधी एकाच यंत्राकडून करून घेत नाही. त्याचा प्री-ॲम्प वेगळा, पॉवर ॲम्प वेगळा, त्यातही डाव्या स्पीकरचा वेगळा आणि उजव्याचा वेगळा. रेकॉर्डसाठी फोनो स्टेज वेगळी, कॉम्प्युटरमधल्या गाण्यांसाठी डॅक वेगळा, या सगळ्यांच्या विजेसाठी स्टॅबिलायझर वेगळा. आणि त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या केबलींची किंमत विचारायची नसते. सांगणाऱ्यालाही ती घरात ऐकू जाऊ द्यायची नसते. डबा म्हणजे इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर. या यादीतलं बहुतेक सगळं त्याच्या पोटात. पुढं व्हॉल्यूमचं एक बटण, मागं स्पीकरच्या तारा खोचायची जागा, संपला विषय.

विषय संपला, हाच तर गुन्हा आहे. वीस वर्षं पुरलेला विषय या माणसांनी एका दुपारीत संपवला!

डॉक्टरांचा हॉल ज्यांनी पाहिलाय त्यांनाच या अध:पाताची खोली कळेल. सोफा भिंतीला टेकवायचा नाही, कारण मागच्या भिंतीवरून आवाज परततो. मधे टीपॉय ठेवायचा नाही, कारण त्याच्यावरूनही परततो. खिडकीला पडदा नाही, जाड सोलापुरी चादर, दुहेरी, आवाज शोषायला. गौरी-गणपतीची आरास स्पीकरच्या रेषेपलीकडं सरकायची नाही. कामवाल्या मावशींना त्या भिंतीकडं फडकं न्यायची बंदी; तिथली धूळ पुसायचा मान यजमानांचा, तोही मऊ ब्रशनं. स्पीकर न जोडता ॲम्प कोणी चालू केला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर कायमचा जाऊ शकतो, ही सूचना तर पाहुण्यांना चपला काढतानाच मिळायची.

नळ्या होत्या केटी८८. १९५०च्या दशकात ब्रिटनच्या जीईसीनं काढलेला हा भरदार व्हॉल्व्ह. एका नळीची तार नुसती तापवायलाच १० वॅट लागतात. अशा चार, म्हणजे गाण्याचा पहिला सूर उमटण्याआधीच ४० वॅट उष्णतेच्या खात्यात जमा. प्लेटवर चारशे-पाचशे व्होल्ट ते निराळेच. हा सारा संसार तापून रंगात यायला अर्धा तास. तोवर पाहुण्यांनी चहा घ्यायचा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायची आणि यजमानांचं ‘बायस’ या विषयावरचं व्याख्यान ऐकायचं. प्रत्येक नळीतून किती मिलिअँपिअर करंट वाहतोय ते डॉक्टर मीटर लावून बघत. पेशंटचं बीपी त्यांनी इतक्या हळुवारपणे कधी मोजल्याचं आम्हाला आठवत नाही.

बरं, नळ्या एकदा लावल्या आणि झालं, असंही नव्हतं. त्या बदलायच्या. बिघडल्या म्हणून नव्हे, बदलून बघायच्या म्हणून. ईसीसी८३ ही करंगळीच्या पेराएवढी नळी, पण तिच्यावरून इथं घरंदाज माणसांत अबोला झालेला आहे. एक पक्ष इंग्लंडच्या मुलार्डचा, दुसरा जर्मन टेलिफुंकनचा. आणि एक तिसरा, स्वदेशी पक्ष, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा. ही सरकारी कंपनी आज रडारसाठी ओळखली जाते, पण १९६१पासून ती रेडिओचे व्हॉल्व्ह बनवत होती. तिचे जुने, न वापरलेले व्हॉल्व्ह आता परदेशातले शौकीनही शोधत असतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या गल्ल्यांत एखाद्या जुन्या दुकानदाराच्या माळ्यावर अशी खोकी सापडली, एवढं कळलं की इकडून माणूस थेट स्टेशन गाठणार. घरी निमित्त काय सांगायचं? मावशींना बघायला जातोय. त्या मावशी गेली काही वर्षं अत्यवस्थ आहेत.

अशा माणसानं दिवे विकले. आता बोला.

विकणाऱ्यांची अधिकृत निवेदनं उपलब्ध आहेत, आणि ती सगळी फार उदात्त आहेत. “जितके डबे कमी, तितके जोड कमी, जितके जोड कमी, तितका आवाज शुद्ध.” “आता साधेपणाकडं वळलोय.” “यंत्र दिसलंच नाही पाहिजे, फक्त संगीत उरलं पाहिजे.” प्राध्यापकांनी तर यावर पाऊण तास भाषण दिलं. पूर्वी हेच प्राध्यापक प्री आणि पॉवर एका पेटीत ठेवणं कसं पाप आहे, एकाच्या ट्रान्सफॉर्मरची घरघर दुसऱ्याच्या नाजूक सिग्नलमध्ये कशी शिरते, यावर पाऊण तास बोलत. वेळ तेवढाच लागला, एवढं सातत्य मान्य करावं लागेल.

खरी कारणं वेगळी आहेत आणि ती आम्हाला घरातल्या मंडळींकडून कळलीत. पहिलं कारण कंबर. व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये वजन असतं ते ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडाचं आणि तांब्याचं. एकेक मोनोब्लॉक, म्हणजे एका बाजूचा पॉवर ॲम्प, उचलायचा म्हणजे गव्हाचं पोतं उचलण्याची तयारी हवी. नळीची मागची तार बघायला तो पुढं ओढला, आणि डॉक्टर जे वाकले ते वाकलेलेच राहिले. कंबरेचा पट्टा लावून दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरांना पेशंटच पथ्य सांगून गेले.

दुसरं कारण मे महिना. बाहेर ४२ अंश, आत चार केटी८८. एसी लावला तर त्याची घरघर गाण्यात येते, बंद केला तर श्रोते उठून जातात. म्हणजे एकीकडं पैसे मोजून खोली तापवायची आणि दुसरीकडं पैसे मोजून तीच गार करायची. हे गणित चौथीतल्या नातवानं मांडून दाखवलं, तेव्हा घरात जो हशा झाला त्यानं दिव्यांचं निम्मं मरण ओढवलं.

तिसरं कारण व्होल्गाकाठचं. आज जगात नव्या व्हॉल्व्हचे मोठे कारखाने बोटांवर मोजण्याइतके: रशियात साराटोव्हला, स्लोव्हाकियात आणि चीनमध्ये. २०२२च्या मार्चमध्ये युक्रेन युद्धामागोमाग रशियातून व्हॉल्व्ह बाहेर जाणं अडलं आणि जगभर नळ्यांच्या किमती चढल्या. पुढं माल पुन्हा यायला लागला, पण धसका बसायचा तो बसलाच. पॉवरच्या नळ्या काही हजार तासांत उतरतात. पुढची जोडी मिळेल की नाही या काळजीनं काही जणांनी ॲम्प लावायचंच कमी केलं. नळ्या झिजू नयेत म्हणून गाणं ऐकायचं नाही! यावर अधिक काही बोलणं आमच्या संस्कारांत बसत नाही.

आणि चौथं, खरंखुरं कारण पुण्याच्या वाकडमध्ये आहे. पिंपळे सौदागरमध्ये आहे. हिंजवडीच्या आसपास जिथं जिथं सोलापूरची पोरं दोन बेडरूमच्या फ्लॅटचे हप्ते भरतायत, तिथं आहे. “आई-बाबा, आता इकडंच या” असा फोन आला, की रेल्वे लाइन्समधला चोवीस फुटी हॉल आधी मनातल्या मनात आणि मग टेपनं मोजून बारा फुटी होतो. वरच्या मजल्यावर भाडेकरू, खालच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी, आणि फरशीवर रांगणारी नात. तिच्या हाताच्या टप्प्यात गरम काच आणि चारशे व्होल्ट ठेवायला कुठला आजोबा तयार होईल? इंटिग्रेटेड ॲम्प मात्र चादरीत गुंडाळून हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये सीटखाली सरकवता येतो. दिव्यांचा संसार न्यायचा तर टेम्पो लागतो, टेम्पोसोबत स्वत:ला बसावं लागतं, आणि इंदापूरच्या पुढचा प्रत्येक खड्डा काळजावर घ्यावा लागतो. साधेपणा म्हणतात तो इथून आला. पण सांगताना मात्र ‘संगीत उरलं पाहिजे’!

आता दुसरा गट ऐका. त्याच्या अध्यक्ष म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई. त्यांच्याकडं ३००बी. वेस्टर्न इलेक्ट्रिकनं १९३०च्या दशकात सिनेमागृहांच्या ॲम्प्लिफायरसाठी बनवलेली ही नळी. एकेका बाजूला एकच नळी लावली तर मिळतात जेमतेम आठ वॅट. भिंतीतून शंभरावर वॅट ओढायचे आणि कानाला आठ द्यायचे. त्यांना कोणी हिणवलं तर त्या बँकेच्या आवाजात हिशेब सांगतात. नेहमीचा बरा स्पीकर एका वॅटला मीटरभर अंतरावर नव्वदच्या आसपास डेसिबल देतो. घरात निवांत ऐकायला वॅटसुद्धा पुरा लागत नाही. वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त तीन डेसिबल. आवाज कानाला दुप्पट वाटायचा तर वॅट दसपट हवेत. “तेव्हा आठ वॅटवाल्यांना शंभर वॅटवाल्यांनी शिकवू नये.” बाईंनी डॉक्टरांशी बोलणं टाकलंय. हळदीकुंकवाला डॉक्टरीणबाईंना बोलावणं गेलं, पण निरोपात सिस्टीमची चौकशी नव्हती. समजणाऱ्यांना समजलं.

बाईंचा मुख्य आरोप परंपरा मोडल्याचा. इथं मात्र आमच्यासारख्या तटस्थ माणसाला बोलावं लागतं. कुठली परंपरा? आपल्या आजोबांच्या घरात मर्फी असेल, फिलिप्स असेल, बुश असेल. सागवानी चकाकीची पेटी, पुढं कापड, वर विणलेला रुमाल. आत व्हॉल्व्हच होते. आणि रेडिओ, ॲम्प, स्पीकर सगळं त्या एकाच पेटीत होतं! पोस्टात जाऊन लायसन काढायचं, बटण फिरवायचं, नळ्या तापेपर्यंत थांबायचं, आणि मग सिलोन लागायचं, १९५७नंतर विविध भारती. गिरणीच्या भोंग्यावर ज्या गावाची सकाळ ठरायची, त्या गावात अख्खी चाळ एका डब्याभोवती बसून नाट्यगीत ऐकत होती. कोणी उठून “प्री वेगळा हवा होता” असं म्हटल्याची नोंद नाही. सगळं वेगवेगळं मांडायची फॅशन पुढची. सत्तरीच्या-ऐंशीच्या दशकात सोनोडाइन, कॉस्मिक, नॉर्ज ही नावं मध्यमवर्गीय घरांत शिरली, डेक आला, मागाहून आखाती देशांतले नातेवाईक जपानी माल घेऊन आले. तोवर व्हॉल्व्ह अडगळीत गेले होते. १९४७ साली अमेरिकेत बेल लॅबमध्ये जन्मलेल्या ट्रान्झिस्टरनं त्यांची नोकरी घालवली होती. मग लोकांना पुन्हा त्यांची आठवण आली, आणि दिवे परतले ते राजेशाही थाटात. पुण्यातल्या कॅडन्सनं तर व्हॉल्व्ह ॲम्प आणि इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवून परदेशी समीक्षकांपुढं ठेवले. म्हणजे ज्याला आपण वाडवडिलांचा ठेवा म्हणून कवटाळतोय, ती आपल्याच पिढीची उधळपट्टी आहे. डॉक्टर बिचारे आजोबांच्या पेटीकडं परत चाललेत, फक्त पेटीवर रुमाल नाही.

डब्याचं कुळही काही हलकं नाही. १९७८ साली एनएडी कंपनीनं ३०२० नावाचा एक इंटिग्रेटेड काढला. दिसायला करडा, कागदावर अवघे २० वॅट, किंमत बेताची. लाखोंनी खपला आणि महागड्या सुट्या यंत्रांच्या मालकांची झोप उडवून गेला. आजच्या क्लास डी जातीच्या डब्यात तर घेतलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास स्पीकरपर्यंत पोचते. हात ठेवला तर कोमट लागतो. बाईंचं म्हणणं, “कोमट लागतो, तसाच ऐकू येतो.”

वाद इतका पेटला, की शेवटी परीक्षा ठरली. डॉक्टरांचे दिवे अजून गिऱ्हाइकानं नेले नव्हते. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला डबा, आणि ऐकणाऱ्यांच्या समोर दोघांनी दोन टोकं धरलेली सोलापुरी चादर, चक्क अंतरपाटच. मीटर लावून दोन्हींचा आवाज सारखा केला गेला, कारण अर्ध्या डेसिबलनं मोठा असलेला ॲम्पसुद्धा कानाला ‘चांगला’ वाटतो. दुकानदारांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे.

असल्या परीक्षांचा इतिहास हौशी मंडळींना सोयीचा नाही, हे आधीच सांगतो. १९८५ साली अमेरिकेत बॉब कार्व्हर या इंजिनिअरनं ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या मंडळींना आव्हान दिलं होतं: तुम्हाला आवडेल तो महागडा ॲम्प निवडा, माझ्या स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्पमधून मी तोच आवाज काढून दाखवतो. त्यांनी व्हॉल्व्हचा एक भारी ॲम्प निवडला. कार्व्हर हॉटेलच्या खोलीत डाग देत, सुटे भाग बदलत बसला. दोन्हींच्या आवाजातला फरक मोजायचा आणि कमी करायचा, असं करत त्यानं तो जवळजवळ पुसून टाकला. मासिकाच्या तयार कानांना मग कुठला कुठला ते सांगता येईना. पुढं रिचर्ड क्लार्क नावाच्या गृहस्थानं नीट जुळवून घेतलेल्या दोन ॲम्पमधला फरक नुसत्या कानानं ओळखणाऱ्याला १०,००० डॉलर लावले. शेकडो लोक आले, पैसे त्याच्याकडंच राहिले.

सोलापूरचा निकाल असा लागला. प्राध्यापक चुकले. कारखानदार बरोबर आले, पण त्यांनी नाणं उडवल्याचा संशय आहे. बाईंनी मात्र प्रत्येक वेळी अचूक सांगितलं. सभेत शांतता पसरली. कोणीतरी विचारलं, “बाई, कशावरून?” त्या म्हणाल्या, “डाव्या हाताला बसले होते. दिवे लागले की तिकडून झळ येते.” पंखा लावून, खुर्ची बदलून दुसरी फेरी घ्यायची ठरलं, तेव्हा बाईंना घरी गॅस चालू राहिल्याचं आठवलं.

आता दिव्यांवर अन्याय नको. त्यांचा आवाज वेगळा असू शकतो, आणि त्याला कारण आहे. ३००बीसारखा साधा व्हॉल्व्ह ॲम्प मूळ सुरात स्वत:ची थोडी भर घालतो, आणि ती भर मुख्यत: दुप्पट कंपनांच्या सुराची असते. म्हणजे गायकानं सा लावला की यंत्र हळूच वरचा सा मिसळतं. कानाला ते भरलेलं, उबदार वाटतं. इंजिनिअर त्याला विकृती म्हणतात, शौकीन त्याला जीव म्हणतात, आणि दोघंही एकाच आकड्याकडं बोट दाखवून भांडतात. शिवाय या भांडणातल्या बहुतेक कानांनी साठी ओलांडलेली आहे. त्या वयात १०-१२ हजार हर्ट्झच्या वरचं ऐकू येणं फार कमी होतं. तरी चर्चा चालते ती २०,००० हर्ट्झच्या पलीकडं हवा कशी मोकळी वाटते यावर! यंत्रमागाच्या शेडमध्ये नव्वदवर डेसिबलच्या खडखडाटात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला हे ऐकवून बघा. तो हसणारसुद्धा नाही. त्याला ऐकूच गेलेलं नसणार.

पण हे सगळं किरकोळ. खरं लांच्छन पुढंच आहे, आणि ते सांगताना आमचीही जीभ अडखळते. दिवे गेल्यापासून डॉक्टर गाणं ऐकायला लागलेत.

दचकू नका. पूर्वी ते गाणं लावत. ईगल्सच्या १९९४च्या मैफिलीतलं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’, त्यातही सुरुवातीची गिटार आणि तो ढोल, एवढंच. पिंक फ्लॉइडच्या १९७३च्या रेकॉर्डवरची घड्याळं वाजायची, ती संपली की सुई उचलायची. गायकाला तोंड उघडायची संधी क्वचित मिळे. या मंडळींकडं मल्लिकार्जुन मन्सूरांच्या रेकॉर्ड होत्या, नाही कशाला म्हणू, पण त्या ‘मिडरेंज’ तपासायला. आता डब्यात तपासायला काही उरलं नाही. बायस नाही, नळी बदलणं नाही, तापायची वाट बघणं नाही. करणार काय? रेकॉर्डची अख्खी बाजू, वीस-बावीस मिनिटं, माणूस खुर्चीत बसून राहतो. परवा रात्री त्यांनी एका संगीतशिक्षकांना फोन करून विचारलं म्हणे, “संपूर्ण मालकंसात पंचम कसा काय घेतात हो?” रेकॉर्ड घरात आल्याला वीस वर्षं झाली, पंचम आत्ता भेटला!

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण या गृहस्थांनी ‘सैराट’ लावलं. करमाळ्याच्या रानात घडणारा, जेऊरच्या नागराज मंजुळेंचा २०१६चा सिनेमा. ज्या घरात त्या गाण्यांना ‘वरातीची’ म्हणून बंदी होती, तिथं डॉक्टर नातवाला समजावतायत, की अजय-अतुलनं यातला वाद्यवृंद अमेरिकेत, सोनीच्या स्टुडिओत, खऱ्याखुऱ्या व्हायोलिनवाल्यांना बसवून रेकॉर्ड केलाय. ऐक, चेलो कुठून येतो ते. नातवाला ते आधीच माहीत होतं. आजोबांना मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीमुळं कधी चेलो ऐकूच गेला नव्हता. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा २०००च्या नियमांत लिहिलेली आहे. मिरवणुकीच्या रात्री ती कागदावर असते, आणि घरातले आठ काय नि ऐंशी काय, सगळे वॅट खिडकीच्या आतच राहतात.

घरातही पडझड सुरू आहे. टीपॉय परत मधे आला. सोफा भिंतीला टेकला. मावशी फडकं घेऊन थेट डब्यापर्यंत जातात आणि त्यावर पुसून झाल्यावर फुलदाणी ठेवतात. डॉक्टरीणबाई डॉक्टरांना न विचारता स्वत: गाणी लावतात. पूर्वी पाच यंत्रं कुठल्या क्रमानं चालू करायची ते एकाच माणसाला ठाऊक होतं. आता बटण एकच, तेव्हा सत्ता गेली. त्यांना सोलापूरच्याच गायिका फैयाज आवडतात, आणि नाट्यगीत आवडतं. वीस वर्षांत त्यांना कोणी विचारलं नव्हतं, असंही बाहेर आलं.

तरी आशेला जागा आहे. गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, “डब्यातली फोनो स्टेज जरा पातळ वाटलालीय.” एक छोटीशी बाहेरून घेतली, तात्पुरती. तिचा ॲडॉप्टर बरा नाही म्हणून तिला वेगळा पॉवर सप्लाय. डबे तीन झाले. प्राध्यापकांनी डॅकची चौकशी आरंभलीय. आणि ज्यांनी बोलणं टाकलंय, त्या बाईंनी तिसऱ्याच माणसाकडून विचारून घेतलं, की डॉक्टरांचा तो डबा किती बाय किती आहे, आणि वाकडच्या फ्लॅटमध्ये टीव्हीखालच्या कप्प्यात बसेल का. आम्ही हे कुठंही बोलणार नाही असं कबूल केलंय, म्हणून इथं नुसतं लिहिलं.

राहता राहिला प्रश्न, दिवे नेले कोणी? भंगारात गेले असते तर आम्ही हळहळलो असतो. पण ते नदीसुद्धा ओलांडून गेलेले नाहीत. जुळे सोलापुरातल्या एका सव्वीस वर्षांच्या पोरानं घेतले. घरून काम करतो, पगार पुण्याचा, खर्च सोलापूरचा. त्याच्याकडं छान, आटोपशीर इंटिग्रेटेड होता, तो त्यानं विकला. “एका डब्यात सगळं असलं की माणूस करणार काय हो? नुसतं ऐकत बसायचं?” असं विचारलं त्यानं. त्या इंटिग्रेटेडचं गिऱ्हाईक कोण, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलं असेलच. व्यवहार सरळ अदलाबदलीचा झाला आणि वरचे पैसे कोणी कोणाला दिले यावर दोन्ही पक्षांनी मौन पाळलंय.

टेम्पो आला तेव्हा पोराची आई दारात उभी होती. दोघा हमालांनी पहिला मोनोब्लॉक खाली घेतला, पोरगं “सावकाश, सावकाश” करत मधे वाकलं, आणि डॉक्टरांनी लांबूनच स्वत:ची कंबर धरली. मग खिशातून पाकीट काढून नव्या मालकाला दिलं: केटी८८च्या दोन जादा नळ्या, बायसचं मीटर आणि हाडांच्या डॉक्टरांचं कार्ड.